जन्मजात श्रवणदोषाचे शीघ्र निदान व हस्तक्षेप : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बालकांच्या विकलांगतेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा शाळाप्रवेशाच्या टप्प्यावर सुरू होते. विशेष शाळा, प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, परीक्षेतील सवलती हे तिचे नेहमीचे विषय होत. तथापि काही दोषांच्या बाबतीत मूल शाळेच्या दारात पोहोचते तेव्हा मदतीचा सर्वाधिक मोलाचा काळ उलटून गेलेला असतो. जन्मजात श्रवणदोष हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. पाय वाकडा असल्यास तो सुईणीलाही दिसतो, ओठ दुभंगलेला असल्यास तो पहिल्याच दिवशी ध्यानात येतो. परंतु न ऐकणारे अर्भक दिसायला इतर कोणत्याही अर्भकासारखेच असते. ते हसते, रडते, आईच्या चेहऱ्याकडे पाहते. दोष आहे हे घरच्यांना कळते ते मूल बोलत नाही म्हणून, आणि तोपर्यंत दीड-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ गेलेला असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख व्यक्ती विकलांग असून त्यांपैकी सुमारे २० लाख ४२ हजार बालके शून्य ते सहा वर्षे या वयोगटातील होती. हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. जनगणनेची माहिती कुटुंबाने दिलेल्या उत्तरावर अवलंबून असते. जो दोष घरच्यांनाच अद्याप ठाऊक नाही, तो प्रगणकाच्या तक्त्यात कसा उतरणार? तान्ह्या मुलांच्या श्रवणदोषाबाबत जनगणनेपेक्षा नवजात अर्भकांच्या प्रत्यक्ष तपासणीतून आलेले प्रमाण अधिक विश्वसनीय मानावे लागते. जगभरच्या अनुभवानुसार हे प्रमाण दर हजार जन्मांमागे साधारणतः १ ते ३ इतके आहे. नवजात अतिदक्षता कक्षात राहावे लागलेल्या अर्भकांमध्ये ते याच्या कितीतरी पट असते.

एका शब्दाविषयी

मराठीत 'मूकबधिर' हा शब्द दीर्घकाळ रूढ आहे. अनेक जुन्या शाळांच्या पाट्यांवर तो आजही आढळतो. मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांची जी पहिली शाळा निघाली तिच्या इंग्रजी नावातही हे दोन्ही शब्द जोडीने होते. या जोडशब्दाने एक गैरसमज शतकभर टिकवून धरला. मूकत्व आणि बधिरत्व ही एकाच वेळी जन्मलेली दोन व्यंगे आहेत, असा तो समज होय. वस्तुतः अशा बहुसंख्य मुलांचा स्वरयंत्राचा व जिभेचा भाग पूर्णतः निर्दोष असतो. जे कधी ऐकलेच नाही ते बोलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूकत्व हा बधिरत्वाचा परिणाम आहे, आणि योग्य वेळी मदत मिळाल्यास तो बव्हंशी टाळता येतो. 'कर्णबधिर' हा नंतर प्रचारात आलेला शब्द म्हणूनच केवळ सौम्य नव्हे, तर शास्त्रदृष्ट्याही अधिक अचूक आहे. मूकत्व जन्मजातच असते असे एकदा मानले की शीघ्र निदानाला काही प्रयोजनच उरत नाही.

पहिल्या तीन वर्षांचे महत्त्व

गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत गर्भाला ध्वनी ऐकू येऊ लागतात. जन्मलेले मूल आईचा आवाज ओळखते ते यामुळेच. मेंदूतील श्रवणकेंद्राची जडणघडण मात्र जन्मानंतरही सुरू राहते व तिला सतत ध्वनीचा पुरवठा लागतो. हा पुरवठा न झाल्यास त्या भागाची संघटना अपुरी राहते, आणि पुढे कितीही उत्तम यंत्र बसविले तरी मेंदू त्या ध्वनींचा अर्थ लावण्यास असमर्थ ठरतो. अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या मुलांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद अल्पावधीतच समवयस्क ऐकणाऱ्या मुलांसारखा झाल्याचे, तर सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत तसे न झाल्याचे आढळले.

याआधी, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी केलेल्या अभ्यासाने या विषयाला निर्णायक वळण दिले होते. वयाच्या सहा महिन्यांच्या आत ज्यांचा दोष ओळखला गेला व लगेच मदत सुरू झाली, त्या मुलांची भाषा नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या सरस होती. हा फरक दोषाच्या तीव्रतेवर अथवा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून नव्हता. येथूनच 'एक–तीन–सहा' हे सूत्र जगभर स्वीकारले गेले : एका महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत हस्तक्षेपाचा प्रारंभ.

भाषा म्हणजे केवळ बोलणे नव्हे, हेही येथे नमूद करावयास हवे. 'उद्या', 'नंतर', 'म्हणून', 'नाहीतर' हे शब्द ज्या मुलाजवळ नाहीत, त्याला वाट पाहणे, कारण समजणे, भीती व्यक्त करणे या साऱ्याच गोष्टी अवघड होतात. अशी मुले हट्टी वा रागीट म्हणून ओळखली जातात. बुद्धी सामान्य असूनही त्यांची गणना मतिमंदांत झाल्याची उदाहरणे विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना अपरिचित नाहीत.

दोष घरात कसा लपून राहतो

श्रवणदोष असलेले अर्भकही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते, 'आ', 'ऊ' असे स्वर काढते. घरच्यांची खात्री पटण्यास ते पुरेसे असते. भेद पडतो तो सहाव्या महिन्यापासून पुढे. ऐकणारे मूल 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ गुंफू लागते. न ऐकणारे मूल तेथपर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि त्याचा आवाज हळूहळू कमी होत जातो. हा बदल इतका संथ असतो की रोज पाहणाऱ्याला तो जाणवत नाही.

शंका आलीच तर घरोघरी एक परीक्षा होते. मुलाच्या मागे थाळी वाजविली जाते किंवा दार आपटले जाते. मूल वळून पाहते आणि शंका मिटते. परंतु ते थाळीच्या आवाजानेच वळले असे नाही. हलणारी सावली, जमिनीतून आलेले कंपन, समोर बसलेल्या आजीने त्या दिशेला टाकलेली नजर, यांपैकी काहीही त्याला पुरते. शिवाय सर्वच श्रवणदोष संपूर्ण बधिरत्वाचे नसतात. थाळीचा मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला 'स', 'श', 'त' यांसारखे क्षीण ध्वनी मुळीच ऐकू येत नसतील. भाषा शिकण्यासाठी तर याच ध्वनींची गरज असते.

पुढे 'याचे वडीलही उशिराच बोलले', 'मुलगे उशिरा बोलतात' ही आश्वासने येतात. बाळगुटीतील वेखंड वाढविले जाते, कुठे जीभ जड आहे म्हणून जिभेखालचा पडदा कापून घेतला जातो, कुठे नवस बोलला जातो. या उपायांची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या कुटुंबाला जवळपास कोणताही तज्ज्ञ उपलब्ध नाही, ते आपल्या परीने मुलासाठी धडपडत असते. परंतु प्रत्येक उपायाची वाट पाहण्यात चार-सहा महिने जातात, आणि हे महिने नेमके परत न मिळणारे असतात. कुटुंबाने गमावलेल्या वेळेपेक्षाही खेदाची बाब म्हणजे 'तीन वर्षे थांबून पाहू' हा सल्ला काही वेळा वैद्यकीय व्यावसायिकांकडूनच मिळतो.

कारणांविषयी थोडक्यात. जन्मजात श्रवणदोषाचा मोठा भाग आनुवंशिक असतो व त्यातही अप्रभावी जनुकांमुळे येणारा अधिक. म्हणजे आई-वडील दोघेही उत्तम ऐकणारे असतात, दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता राहते. दक्षिण महाराष्ट्रात व मराठवाड्यात मामाच्या मुलीशी, क्वचित सख्ख्या भाचीशी होणारे विवाह या शक्यतेत भर घालतात. 'आमच्या घराण्यात कुणी बहिरे नाही' हे विधान म्हणूनच कोणताही दिलासा देत नाही. इतर कारणांपैकी गरोदरपणातील रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदूज्वर व कानाला अपायकारक प्रतिजैविके ही प्रमुख होत. बालपणीच्या श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के दोषांची कारणे टाळता येण्याजोगी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली गोवर-रुबेला लसीकरण मोहीम या दृष्टीने श्रवणदोष-प्रतिबंधाचीही मोहीम होती, मात्र तिच्या प्रचारात हा मुद्दा फारसा पुढे आला नाही.

तपासणीचे तंत्र

१९७८ मध्ये डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने निरोगी अंतर्कर्ण केवळ ध्वनी ग्रहण करीत नाही तर स्वतः अत्यंत क्षीण ध्वनी बाहेरही टाकतो, हे दाखवून दिले. 'ओएई' ही नवजात अर्भकाची चाचणी या शोधावर उभी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी बसविली जाते, यंत्र बारीक आवाज सोडते व कानातून परतणारा प्रतिसाद नोंदविते. काही मिनिटांत 'उत्तीर्ण' अथवा 'पुढील तपासणी आवश्यक' असा निर्णय मिळतो. बाळाला कोणतीही वेदना होत नाही.

या चाचणीच्या मर्यादा मात्र समजून घेतल्या पाहिजेत. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी कानाच्या नळीत चिकट द्रव असतो, त्यामुळे निर्दोष बाळेही अनुत्तीर्ण ठरतात. गजबजलेल्या प्रसूतिकक्षात यंत्राला नीट काम करता येत नाही. दोष अंतर्कर्णात नसून श्रवणमज्जातंतूत असेल तर ओएई सर्व काही ठीक असल्याचे सांगते. यासाठी अतिदक्षता कक्षातील बाळांची 'बेरा' ही मज्जातंतू व मेंदूच्या प्रतिसादाची चाचणी करणे आवश्यक मानले जाते. केवळ जोखमीच्या बाळांचीच तपासणी करावी, हा काटकसरीचा पर्यायही पुरेसा नाही. कारण जन्मजात श्रवणदोष असलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या इतिहासात जोखमीचा कोणताच घटक आढळत नाही. आणि उत्तीर्ण होणे हीदेखील कायमची हमी नव्हे, काही दोष नंतर उद्भवतात.

यंत्रणा आणि तिच्यातील फटी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. शून्य ते अठरा वर्षांच्या बालकांची ३० आरोग्यस्थितींसाठी तपासणी करण्याची योजना त्यात असून जन्मजात बधिरत्वाचा त्यात स्पष्ट समावेश आहे. प्रसूतिस्थळी नवजात बाळाची तपासणी, आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी, फिरत्या वैद्यकीय पथकाकडून अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी, आणि संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे अशी तिची साखळी आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ नुसार जोखमीची बालके ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करणे ही शासनाची जबाबदारी ठरविण्यात आली आहे. जून २०२१ मध्ये मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसह देशात १४ ठिकाणी सर्व प्रकारच्या विकलांगतांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू झाली, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली.

कागदावर ही साखळी जवळजवळ पूर्ण आहे. ती तुटते ती बहुतांशी दोन कड्यांच्या मध्ये, आणि त्याची काही कारणे इथल्या समाजजीवनात दडलेली आहेत. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी येण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. बाळाचा जन्म माहेरच्या तालुक्यात होतो, तपासणीची नोंदही तेथेच होते. पहिल्या चाचणीत बाळ अनुत्तीर्ण ठरल्यास काही आठवड्यांनी पुन्हा बोलाविले जाते. परंतु मधल्या काळात बाळ-बाळंतीण सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असतात. माहेरच्या आशा कार्यकर्तीच्या वहीत ते बाळ 'स्थलांतरित' ठरते आणि सासरच्या आशा कार्यकर्तीकडे त्याच्या अपूर्ण तपासणीची नोंदच पोहोचत नाही. दोघींपैकी कोणाचीही यात चूक नसते.

दुसरे उदाहरण ऊसतोड कामगारांचे. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व गळीत हंगाम संपेपर्यंत कोपीवर राहतात. गावच्या अंगणवाडीत पथक येते तेव्हा मूल फडावर असते, आणि फडाजवळच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते. वर्षातून दोनदा होणाऱ्या तपासणीच्या दोन्ही वेळा हुकणे अशा मुलाच्या बाबतीत मुळीच अवघड नाही.

या संदर्भात केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्याचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे २००३ पासून प्रत्येक रुग्णालयाने स्वतंत्र यंत्र घेण्याऐवजी, एक यंत्र व एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या दिवशी वेगवेगळ्या रुग्णालयांत जाऊन बाळांची तपासणी करते, अशी केंद्रीय पद्धत राबविण्यात आली. यंत्राचा खर्च विभागला गेला आणि नोंदीही एकाच ठिकाणी राहिल्या. महाराष्ट्रात फेरतपासणी दीड महिन्याच्या लसीकरणाशी जोडल्यास ती बरीच सुकर होईल. सासरी गेली तरी आई बाळाला लस देण्यास चुकत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत असतेच, आणि कानाच्या चाचणीचा निकाल त्या कार्डावरच ठळकपणे लिहिला गेला तर दोन जिल्ह्यांतील वह्यांचा मेळ घालण्याची गरज पडणार नाही.

निदानानंतर

निदान म्हणजे मदत नव्हे. उलट निदान होऊन मदत न मिळणे हे कुटुंबाच्या दृष्टीने अधिक क्लेशदायक असते. पहिली पायरी श्रवणयंत्राची. केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून ते मिळते, पण तान्ह्या मुलाच्या बाबतीत यंत्राइतकाच कानाचा साचा महत्त्वाचा असतो. बाळाचा कान झपाट्याने वाढतो, साचा काही महिन्यांतच सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवू लागते आणि कंटाळून ते कपाटात ठेवले जाते. कोकणातील पावसाळी दमट हवेत यंत्रात ओल जाते ती निराळीच. साचे बनविणारी व्यक्ती जिल्ह्याच्या ठिकाणीच असेल तर दर तीन-चार महिन्यांनी मजुरी बुडवून तेथे जाणे किती पालकांना जमेल, याचा विचार योजनेच्या आराखड्यात क्वचितच दिसतो.

तीव्र दोष असलेल्या व श्रवणयंत्राचा लाभ न होणाऱ्या लहान मुलांसाठी याच योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटची महागडी शस्त्रक्रिया विनामूल्य होते, ही निश्चितच मोठी उपलब्धी आहे. मात्र शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. यंत्राचे वेळोवेळी समायोजन, किमान दोन-तीन वर्षांचे नियमित वाक्-श्रवण प्रशिक्षण, आणि हमीची मुदत संपल्यावर वायर, बॅटरी व बाहेरील भागाचा खर्च हे सर्व पुढे असते. सुटा भाग परवडत नाही म्हणून इम्प्लांट बंद ठेवावा लागणे म्हणजे लाखो रुपयांची सार्वजनिक गुंतवणूक काही हजारांसाठी वाया घालविणे होय. दुरुस्तीची तरतूद मूळ योजनेतच समाविष्ट असणे अगत्याचे आहे.

प्रशिक्षणाचा मोठा भाग घरातच घडतो. आठवड्यातील एक तास तज्ज्ञाकडे आणि उरलेला सर्व काळ आई-आजीकडे असे त्याचे स्वरूप असते. यंत्र चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी डॅनियल लिंग यांनी सुचविलेली सहा ध्वनींची चाचणी, म्हणजे 'आ', 'ऊ', 'ई', 'म', 'श' व 'स' हे ध्वनी मुलाच्या नजरेआड राहून उच्चारणे, ही निरक्षर आईलाही सहज शिकविता येते. आंघोळ घालताना, भाकरी थापताना, धुणे वाळत घालताना बोलत राहावे, पूर्ण वाक्यात बोलावे. पूर्ण वाक्यावर भर देण्यास मराठीत विशेष कारण आहे. मराठीचा बहुतेक अर्थभार शब्दांच्या शेवटी असतो. 'आला', 'आली', 'आले' यांतील भेद एका अंत्य स्वराचा. 'आईने', 'आईला', 'आईची' यांतील भेद एका अनाघात प्रत्ययाचा. बोलण्याच्या ओघात हे अंत्य भाग क्षीण होतात आणि कमी ऐकणाऱ्या मुलाच्या कानातून नेमके तेच निसटतात. परिणामी अशी मुले सुटे शब्द शिकतात, परंतु 'कोणी कोणाला' हे त्यांना उमगत नाही. इंग्रजीवरून जसेच्या तसे उचललेले प्रशिक्षण-साहित्य येथे तोकडे पडते. मराठीच्या व्याकरणाचा विचार करून तयार केलेले साहित्य अजूनही अल्प आहे, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना येथे मोठे कार्यक्षेत्र मोकळे आहे.

बोलणे की खुणा, हा वाद या क्षेत्रात जुना आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिच्या प्रमाणीकरणाचा पुरस्कार करण्यात आला. यंत्राची वा शस्त्रक्रियेची प्रतीक्षा करीत असलेल्या मुलाशी खुणांनी बोलल्यास ते बोलणार नाही, ही पालकांना घातली जाणारी भीती अनाठायी आहे. त्या वर्ष-दीड वर्षात मूल कोणत्याच भाषेविना राहणे हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे.

कायद्याची व्याख्या व वर्गातील मूल

२०१६ च्या अधिनियमानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असल्यास 'बधिर' व ६० ते ७० डेसिबल असल्यास 'ऊनश्रवण' असे वर्गीकरण होते. ही मर्यादा प्रौढ व्यक्तीसाठी कदाचित समर्थनीय ठरेल. परंतु ४५ डेसिबल श्रवणऱ्हास असलेले दोन वर्षांचे मूल, ज्याला शेजारी बसून केलेले संभाषणही अर्धेमुर्धेच पोहोचते, ते या व्याख्येच्या बाहेर राहते. प्रौढाजवळ भाषा आधीच असते, त्यामुळे न ऐकलेला शब्द तो संदर्भाने भरून काढतो; मुलाला तर भाषाच त्या अर्ध्या ऐकण्यातून घडवायची असते. वारंवार कान वाहणारी, एकाच कानाने ऐकणारी मुलेही याच गटात मोडतात. अंगणवाडीत ती लक्ष न देणारी ठरतात, पहिलीत मंद ठरतात आणि चौथीच्या सुमारास शाळेतून गळतात. शीघ्र निदानाची यंत्रणा त्यांना शोधून काढील, पण शोधल्यानंतर प्रमाणपत्राअभावी त्यांना प्रमाणपत्राशी निगडित साहाय्य मिळणार नाही. सहा वर्षांखालील बालकांसाठी श्रवणऱ्हासाची वेगळी, अधिक उदार मर्यादा ठरविणे आणि तोवर जिल्हा केंद्राच्या तज्ज्ञाची शिफारस यंत्रासाठी पुरेशी मानणे, हे दोन्ही प्रशासकीय निर्णयाच्या कक्षेतील उपाय आहेत.